नाकाची परीक्षा आणि पिंपातली लाल एल

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लेक्सिंग्टन नावाचं शहर आहे. तिथे राहणाऱ्या पुतण्याकडे आम्ही मे महिन्यात गेलो होतो. एका संध्याकाळी जेवणाआधी त्याने फ्रिजमधून एक बाटली काढली. दहा-पंधरा मिनिटं ती तशीच बाहेर ठेवली आणि मग पोट फुगीर, तोंड निमुळतं अशा दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली. ‘काका, आधी प्यायची नाही. वास घ्या आणि जे येतंय ते खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.’

‘खरं सांगा’ म्हणायला कारण होतं. २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, मला कोविड झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. पहिले तीन महिने काहीच येत नव्हतं. नंतर येऊ लागलं ते भलतंच. फोडणीत कांदा पडला की मला जळक्या रबराचा वास यायचा, कॉफीचा तर सांडपाण्यासारखा. सव्वीस वर्षं डॉक्टरकी करूनही याचा किती त्रास होतो हे स्वतःवर येईपर्यंत मला कळलं नव्हतं. ‘वास येत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी पेशंटना मी ‘होईल हळूहळू’ म्हणून घरी पाठवलं होतं.

बाटलीत होती ‘केंटकी बर्बन बॅरल एल’. ‘एल’ हा बिअरचाच प्रकार. आपल्याकडे दुकानात सर्रास मिळते ती लागर. ती थंडीत, संथपणे आंबवतात, म्हणून चवीला साफ आणि सरळ असते. एल त्यापेक्षा उबदार तापमानाला आंबते. तिचं यीस्ट जास्त उद्योगी असतं आणि फळांसारखे, फुलांसारखे वास मागे ठेवून जातं. आयर्लंडची लाल एल ही त्यातली एक जुनी जात. तिचा तांबूस रंग भाजलेल्या बार्लीचा असतो. भाकरी तव्यावर शेकताना, रवा भाजताना जी रासायनिक क्रिया होते तीच इथेही होते. साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेने एकमेकांना भिडतात, रंग चढतो आणि खमंग वास सुटतो. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती प्रथम मांडली, म्हणून ती मायार क्रिया. पुतण्याने आणलेली बाटली ही आयरिश लाल एल आणि इंग्लिश पेल एल यांच्या मधली. ती बनवून झाल्यावर व्हिस्कीच्या नुकत्याच रिकाम्या झालेल्या ओकच्या पिंपांत जास्तीत जास्त सहा आठवडे मुरवतात.

ही बनवणारी कंपनी सुरू करणारा माणूसही आपल्या सदराच्या कामाचा आहे. पिअर्स लायन्स हे आयर्लंडमध्ये जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ. यीस्टवर संशोधन करून त्यांनी बर्मिंगहॅममध्ये डॉक्टरेट मिळवली. १९८०मध्ये केंटकीत त्यांनी जी कंपनी काढली ती गुरांच्या खाद्यात घालायच्या यीस्टच्या पदार्थांची होती. दारूचा कारखाना त्यांनी बराच नंतर घेतला. २०१८ मध्ये ते गेले. म्हणजे मूळ धंदा गाईंच्या पोटाचा आणि बिअर ही हौस!

आता पिंपाकडे वळू, कारण खरी गंमत तिथेच आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार ‘बर्बन’ हे नाव हवं असेल तर व्हिस्की नव्या कोऱ्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला परत चालत नाही. सुमारे २०० लिटरचं, उत्तम स्थितीतलं पिंप एका वापरात निवृत्त होतं. मग ते स्कॉटलंडला जातं, आयर्लंडला जातं. आपल्या गोव्यात आणि बंगळुरूत सिंगल माल्ट बनवणारेही हीच पिंपं बोटीने मागवतात. काही पिंपं बिअरवाल्यांकडे येतात. व्हिस्कीच्या पिंपात बिअर मुरवण्याची आजची लाट शिकागोच्या गूज आयलंड या कारखान्याने १९९०च्या दशकात सुरू केली असं मानतात. त्यांची बिअर मात्र काळी, दाट होती.

ओकच का, हा प्रश्न मलाही पडला होता. पांढऱ्या ओकच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या ज्या बारीक नळ्या असतात त्या झाड मोठं होताना फुग्यासारख्या पेशींनी बुजून जातात. त्यामुळे पिंप गळत नाही. अमेरिकेतल्याच तांबड्या ओकमध्ये या नळ्या उघड्या राहतात. त्याच्या लाकडाचा तुकडा घेऊन एका टोकाने फुंकर मारली तर पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या टोकाला बुडबुडे येतात. पुतण्याच्या सात वर्षांच्या मुलीने हा प्रयोग मला करून दाखवला, तिच्या शाळेत दाखवलेला. अशा लाकडाचं पिंप करून उपयोग नाही.

पिंप आतून जाळलं की लाकडाचे घटक फुटतात. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन तुटून व्हॅनिलिन तयार होतं. आपल्या साध्या व्हॅनिला आइस्क्रीमला वास देतो तोच हा रेणू. नॉर्वेमध्ये आजही लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन काढून विकतात. लाकडातल्या हेमिसेल्युलोज नावाच्या साखरसाखळ्या उष्णतेने तुटतात आणि त्यातून जळक्या साखरेचे, बदामासारखे वास येतात. ओकमध्ये मुळातच असलेले लॅक्टोन ओल्या नारळाचा वास देतात. अमेरिकी ओकमध्ये ते युरोपातल्या ओकपेक्षा जास्त असतात. आणि युजेनॉल. आपली लवंग म्हणजे मुख्यतः युजेनॉलच. दातदुखीवर लवंगेचं तेल लावतो ते याच्यासाठी.

हे नाव ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण गेली काही वर्षं मी रोज सकाळ-संध्याकाळ युजेनॉल हुंगत होतो.

वास गेलेल्यांसाठी ‘गंधप्रशिक्षण’ नावाची एक साधी पद्धत आहे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ती मांडली. चार वास घ्यायचे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. दिवसातून दोनदा, प्रत्येक वास दहा-वीस सेकंद, मन लावून, तो वास आठवत. किमान बारा आठवडे, बरेचदा त्याहून जास्त. नाकाच्या छतापाशी असलेल्या गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. मज्जासंस्थेत हे विरळाच. कोविडचा विषाणू बहुधा या मूळ पेशींवर थेट घाव घालत नाही. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना तो पकडतो, पण पडझड सगळ्याच घराची होते. नवीन पेशी मेंदूकडे तार टाकतात तेव्हा जोडणी पहिल्यासारखी होईलच असं नाही. सुरुवातीला मोजकेच रेणू ओळखले जातात आणि चित्र वेडंवाकडं दिसतं. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की कॉफीतला एक गंधकयुक्त रेणू अशा लोकांना हमखास किळसवाणा वाटतो. तो वाचल्यावर ‘मी वेडा झालेलो नाही’ एवढा तरी दिलासा मला मिळाला.

तर त्या संध्याकाळी मला खरी भीती होती ती भाजलेल्या बार्लीची. भाजलेलं काहीही माझ्या नाकाला शत्रू झालं होतं. पत्नीने दोन वर्षं घरात शेंगदाणे भाजले नव्हते. (ती हे कधी बोलून दाखवत नाही. मला ते डबे बघून कळलं.)

ग्लास नाकाशी नेला. रंग सुरेख होता, कोकमाच्या सरबतात थोडा मध मिसळावा तसा. फेस पातळ आणि लवकर विरणारा. अल्कोहोल जास्त असलं की फेस टिकत नाही, शिवाय पिंपात वायूही थोडा निघून जातो. पहिल्या वासात आलं ते फक्त अल्कोहोल, म्हणजे नाकात हलकीशी चुणचुण. पण ती चुणचुण म्हणजे वास नव्हे. ती ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्या मज्जातंतूची बातमी. मिरचीचा झणका, पुदिन्याचा गारवा याच मार्गाने कळतो. म्हणून वास गेलेल्यालाही तिखट कळतं. मिरचीचा दाह ओळखणारा जो ग्राहक असतो तो एरवी ४२ अंशांच्या आसपासच्या उष्णतेला जागा होतो. अल्कोहोल ही मर्यादा ३४ अंशांपर्यंत खाली आणतं, म्हणजे अंगाच्या तापमानाच्याही खाली. घोट थंड असूनही घशाला ऊब वाटते ती त्यामुळे. ऊब अंगात नाही, फक्त त्या ग्राहकाच्या समजुतीत असते.

दुसऱ्यांदा हुंगलं तेव्हा गोडसर काहीतरी आलं. मी डोळे मिटले. ‘व्हॅनिला,’ म्हटलं. पुतण्या काही बोलला नाही. तिसऱ्यांदा नारळ आला. ताजा नाही, नारळाची वडी थापून ताट झाकून ठेवल्यावर येतो तसा. रबर नाही, सांडपाणी नाही. मग मी एक लहान घोट घेतला.

आपण ज्याला ‘चव’ म्हणतो त्यातला मोठा हिस्सा वासाचा असतो, आणि तोही नाकपुड्यांतून आत जाणारा नव्हे. घोट गिळल्यावर श्वास बाहेर पडतो तेव्हा घशाच्या मागून नाकात चढणारा वास तो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांस-टोमॅटोतला उमामी एवढंच कळतं. वास गेल्यावर मला आमटी म्हणजे खारट-आंबट गरम पाणी लागायचं ते याच कारणाने. त्या घोटात जिभेवर आधी गोडवा आला, मग थोडा कडूपणा, मग जांभूळ खाल्ल्यावर होते तशी जिभेची ओढ. ही ओढ ओकमधल्या टॅनिनची. ती लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडं वाटतं. गिळलं, तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडला आणि लवंग आली.

अगदी थोडी, पण लवंगच. बाटलीतून हुंगायची लवंग मला वर्षभरापूर्वी ओळखता येऊ लागली होती, पण ती समोर ‘लवंग’ असं लेबल लावलेली असायची. इथे दहा वासांच्या गर्दीतून ती वेगळी निघाली. डोळ्यांत पाणी आलं. ते अल्कोहोलमुळे, असं मी सांगितलं.

भाजलेल्या बार्लीचा वासही शेवटी आला. चिक्कीच्या कडेला गूळ जरा करपतो तसा. सुसह्य होता.

आता एवढं कौतुक केल्यावर डॉक्टर म्हणून हिशेबही मांडायला हवा. त्या बाटलीत ३५५ मिलिलिटर एल होती आणि अल्कोहोल ८.२ टक्के. म्हणजे २९ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे २३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एक ‘प्रमाण पेग’ १० ग्रॅमचा धरते. हातात एक छोटी बाटली असते, पण पोटात सव्वादोन पेग जातात. लोक फसतात ते इथे. गोडवा आणि व्हॅनिला अल्कोहोलची धार झाकतात. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही, कागदावर गुणाकार करून दाखवतो. आपल्याकडची ६५० मिलिलिटरची, ८ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ बिअरची बाटली घ्या. त्यात ४१ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे चार पेग. रोज संध्याकाळी ‘एकच बिअर’ घेणारा माणूस आठवड्याला २८ पेग घेत असतो, आणि लिव्हरचा रिपोर्ट बघून त्याला खरंच आश्चर्य वाटतं.

पुतण्याने आपली बाटली संपवली होती आणि आम्हाला आठ वाजता गावात जेवायला जायचं होतं. त्याने सवयीने गाडीची किल्ली उचलली. ‘एकच तर बिअर झालीय काका. इथे चालतं.’ कायद्याने तो चूक नव्हता. केंटकीत मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. भारतात ती ३० आहे. सत्तर किलोच्या पुरुषाने ही एक बाटली रिकाम्या पोटी घेतली तर रक्तातलं प्रमाण साधारण ४५पर्यंत जातं. पंचावन्न किलोच्या बाईने घेतली तर ७५च्या घरात, कारण तिच्या शरीरात अल्कोहोल पसरायला पाणी कमी असतं. म्हणजे आपल्या कायद्यात दोघंही दोषी, तिकडच्या कायद्यात दोघंही निर्दोष. मेंदूला मात्र देश कळत नाही. ८०च्या बऱ्याच आधी नजर दोन गोष्टींत वाटली की गोंधळते, ब्रेकवर पाय जायला उशीर होतो. लिव्हर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने ते उतरवतं. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही. सुनेने काही न बोलता हात पुढे केला आणि किल्ली घेतली. तिने फक्त वास घेतला होता.

वाटेत पुतण्याने विचारलं, ‘ओकमध्ये अँटिऑक्सिडंट असतात म्हणे. म्हणजे यात काहीतरी चांगलंही असेल ना?’ असे मेसेज फिरत असतात. ओकमधून एलॅजिक आम्लासारखे काही पदार्थ उतरतात हे खरं. डाळिंबातही ते असतं आणि डाळिंबासोबत २३ ग्रॅम अल्कोहोल येत नाही. शरीरात अल्कोहोलपासून प्रथम असिटाल्डिहाइड बनतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग निश्चितपणे करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, या सगळ्यांचा त्यात संबंध आहे. २०२३च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही. थोडी घेतली तर धोका थोडा, एवढंच. आपल्याकडे तंबाखू आणि गुटखा सोबतीला असतात, आणि दोन्ही एकत्र आले की तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. बाटली कारागिराने हाताने भरलेली आहे की कारखान्यात भरलीय, याने त्यातल्या इथेनॉलला फरक पडत नाही.

एक गोष्ट राहिली. सहा आठवडेच का? व्हिस्की तर त्याच पिंपात वर्षानुवर्षं असते. व्हिस्कीत अल्कोहोल इतकं असतं की तिथे जंतू जगत नाहीत. बिअरमध्ये ते जगतात, आणि लाकडाच्या भेगा त्यांना लपायला उत्तम. पिंप नुकतंच रिकामं झालेलं असेल तर लाकडात जिरलेली काही लिटर व्हिस्की पहारा देते आणि बिअरला चव देते. पिंप वाळलं की पहारा संपतो. गूज आयलंडच्या २०१५च्या काही बाटल्यांत लॅक्टोबॅसिलस शिरले आणि बिअर आंबट झाली. २०१६च्या सुरुवातीला त्यांना ग्राहकांचे पैसे परत करावे लागले. त्यानंतर ते ही बिअर पाश्चराइज करू लागले. आपल्या दह्यातल्या जंतूंचेच हे भाऊबंद.

केंटकीत व्हिस्कीच्या गोदामांजवळून गेलं की झाडांचे बुंधे, कुंपणं, घरांच्या भिंती काळ्या दिसतात. मला आधी वाटलं धूर असेल. ती एक बुरशी आहे, बॉडोइनिया नावाची. पिंपांतून उडून जाणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर ती पोसली जाते. स्कॉटलंडमध्ये पिंपातला वर्षाला सुमारे दोन टक्के माल असा उडतो. गोव्याच्या उष्णतेत त्याच्या कितीतरी पट. शेजारचे लोक भिंती धुऊन वैतागलेले असतात.

वास गेलेल्या वाचकांसाठी दोन गोष्टी सांगतो. दारू हा यावरचा उपाय नाही. माझी ती परीक्षा होती, आणि स्वयंपाकघरातल्या लवंगेनेही ती झाली असती. दुसरं म्हणजे, सर्दी किंवा कोविड नसताना वास हळूहळू जात असेल, किंवा गेलेला वास महिन्याभरात येत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. नाकातल्या गाठी असू शकतात, आणि क्वचित पार्किन्सनसारख्या आजाराची ती पहिली खूण असते. वास नसलेल्या घरात गॅस-गळतीचा अलार्म लावा आणि दुधाच्या पिशवीवरची तारीख दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा.

पुण्याला परतल्यावर मी वहीत गुण भरले. मी रोज भरतो, शून्य ते दहा. लवंग सात, निलगिरी आठ, लिंबू पाच. गुलाबाचा वास देणारा फेनिलइथाइल अल्कोहोल नावाचा रेणू यीस्ट स्वतः तयार करतं आणि तो प्रत्येक बिअरमध्ये थोडाफार असतो, म्हणजे त्या ग्लासातही असणार. पुतण्याला तो आला होता. मला आला नाही. गुलाब अजून एकवर आहे. गेल्या रविवारी पत्नीने शेंगदाणे भाजले, मला न विचारता, आणि मी स्वयंपाकघरात उभा राहू शकलो.